वांगी रंगावरचे सहा थर

३ मार्च

प्रिय सोन्या,

साठी उलटलेल्या माणसाला सोन्या काय म्हणायचं, असं तुझी लेक मागच्या फोनवर म्हणाली. तिला सांग, तुझ्या बापाला कडेवर घेऊन मी गल्लीभर मिरवलंय, आणि तेव्हा तो काही फार सोन्यासारखा नव्हता, सदा नाक गळत असायचं. गुडघा कसा आहे? तू लेकीकडे राहायला गेल्याला चार महिने झाले. दुकानाच्या दारावर तुझी पाटी अजून तशीच आहे, 'घड्याळं दुरुस्त करून मिळतील', आणि लोक येतात, कुलूप हलवून बघतात नि जातात.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायची झाली की मला रडू येतं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी आणि मग आपलं दळण दळावं. विचारपूस झाली.

होडीचं ठरलं. खाडीपलीकडे मुलांना शिडाची होडी शिकवायची एक शाळा निघाली आहे. तिथली शिक्षिका घरी आली होती, उन्हाने रापलेली, काटक मुलगी. मी होडी देऊन टाकते म्हटलं. ती एवढंच म्हणाली की पाण्यात घालायची तर तळ रंगवून द्या, मुलं पुढच्या महिन्यात येतील. म्हणून सात वर्षांनी प्रथमच, होडी ठेवली आहे त्या यार्डात गेले. ताडपत्री अगदी जमिनीपर्यंत बांधलेली होती, ती काढायचं मला धाडस झालं नाही. तिथला रंगारी नवा आहे. त्याने रंगांचं कार्ड हातात दिलं आणि विचारलं, "मावशी, तळाला कुठला?"

तुला आठवतं ना ह्यांची पद्धत? पाण्याखालच्या भागाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून तो विषारी रंग दर मार्चमध्ये लावायचा, एक वर्ष लाल, एक वर्ष निळा. वरचा झिजून खालचा डोकावला की ओळखायचं, वेळ झाली. शेवटच्या वर्षी लाल कमी पडला म्हणून त्यात उरलेला काळा ओतला आणि वांग्यासारखा रंग झाला. मी म्हटलं, अहो, होडी की भरीत? आठ दिवस आम्ही दोघं हसत होतो. पुढच्याच महिन्यात ह्यांना पहिला झटका आला.

मग डॉक्टरांनी समुद्र बंद केला आणि ह्यांनी मला शब्द दिला. होडी विकायची नाही, पण पाण्यातही घालायची नाही. त्यानंतर दर गुरुवारी यार्डात जाऊन होडी नुसती पुसून यायचे. शब्दाचा पक्का माणूस. आणि मागच्या वर्षी गेले तेही जमिनीवर, स्टुलावर उभे राहून डोलकाठीला व्हार्निश लावताना, एका क्षणात. तू म्हणालास, ब्रश पडल्याचा तेवढा आवाज आला. सोन्या, मी ह्या दोन गोष्टींवर दिवस काढते आहे. शब्द मोडला नाही, आणि त्रास झाला नाही.

तेव्हा सांग, लाल की निळा? ह्यांना कुठला आवडला असता?

तुझी
ताई


९ मार्च

प्रिय ताई,

सा. न. गुडघा आहे तिथेच आहे, तो कुठे जात नाही आणि मलाही जाऊ देत नाही. लेकीने मला इथल्या घरातली सगळी घड्याळं लावायला दिली. एकूण घड्याळं तीन. एका सकाळीच संपली.

होडी देते आहेस हे बरं केलंस. रंगाचं एवढं काय मनावर घ्यायचं? आत्ता लाल आहे, तर त्यावर निळा मारून मोकळी हो. फक्त एक ऐक. रंगाऱ्याला तळ खरवडू देऊ नकोस. ती धूळ विषारी असते, छातीत जाते, तू आधीच खोकतेस. वरच्या वर एक हात मारायला सांग. पूर्ण खरवडायचं म्हणेल तर तो तुला गिऱ्हाईक समजतोय असं समज. आणि तू यार्डात कशाला चकरा मारतेस? तिथे तारा, खिळे, उतरण, पडलीस तर मला यावं लागेल, आणि मी आलो तर दोन माणसं लंगडत फिरतील.

दाजींना काय आवडलं असतं म्हणतेस. त्यांना तू निवडलेलं सगळं आवडायचं. वांगी रंगसुद्धा.

जपून राहा. दुकानाची पाटी काढून घरात ठेव, वेळ मिळेल तेव्हा.

तुझा
सोन्या


१४ मार्च

सोन्या,

तुझं पत्र वाचलं आणि खालीच ठेवलं नाही. 'आत्ता लाल आहे.' लाल कुठला? वांगी होता. तू विसरला असशील म्हणून सोडून दिलं असतं. पण सकाळी मी यार्डात गेले होते.

रंगाऱ्याने माझी वाट न बघता ताडपत्री काढली होती. तळ लाल होता. लाल, आणि टोकाकडे घासून गेलेला, तिथून निळा दिसत होता. मी म्हटलं, ही आमची होडी नव्हे. तो हसला. म्हणाला, "मावशी, रंगाचे पापुद्रे सुटलेत, वरून मारला तर महिन्यात सोलपटून येईल. खरवडावंच लागेल. थांबा, आत काय आहे ते दाखवतो." आणि त्याने सँडपेपरने तळहाताएवढी जागा घासून काढली, हळूहळू, खोलगट बशीसारखी. बशीच्या कडेने रंगांची वळी दिसायला लागली, झाडाच्या खोडात दिसतात तशी. बाहेरून आत मी बोट ठेवून मोजली. लाल, निळा, लाल, निळा, लाल, निळा. आणि मग वांगी.

वांगी रंगावर सहा थर, सोन्या. मी तीनदा मोजले. रंगाऱ्याला वाटलं मला चक्कर येते आहे, त्याने डबा उलटा करून बसायला दिला. मी म्हटलं, ही होडी सात वर्षं जमिनीवर आहे. तो म्हणाला, "जमिनीवरच्या होडीला हा रंग कोण लावतं? हा पाण्याचा रंग. आणि झिजलाय बघा, चालवल्याशिवाय असा झिजत नाही." तो बिचारा मला रंगाची माहिती देत होता.

घरी आले ती रस्ता ओलांडल्याचंसुद्धा आठवत नाही. दूध गॅसवर ठेवलं ते आटून भांडं काळं झालं, वास आला तेव्हा कळलं.

मी दिवसभर विचार केला आणि मला एवढंच पटतं की होडी कुणीतरी दुसरंच नेत होतं. तू तर नसणारच, बादलीतलं पाणी हललं तरी तुला मळमळतं. पण तू तिथे असायचास, तुला ठाऊक होतं. ह्यांच्या पाठीमागे कुणाला तरी फिरायला देत होतास का? भीड पडून दिली असशील. तसं असेल तर सांगून टाक, मी रागावले तरी चार दिवस रागावेन. ह्यांना कळलं असतं तर फार लागलं असतं, एवढंच मनाला लागून राहिलं आहे. स्वतः शब्द पाळून कोरडे राहिले आणि होडी मात्र परकी माणसं नेत होती.

फोन करू नकोस. लिही.

ताई


२० मार्च

ताई,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. परक्या माणसांना होडी दिली असं कबूल करावं आणि सुटावं, असं मनात आलं होतं. तू वाटही करून दिली होतीस. पण मग तू दाजींसाठी हळहळत बसली असतीस, आणि ते मला बघवलं नसतं.

दाजीच नेत होते. आणि बरोबर मी.

गुरुवारी. तू दहाला वाचनालयात जायचीस, दृष्टी गेलेल्यांना पुस्तकं वाचून दाखवायला, चारला परत. सव्वादहाला आम्ही होडी गाड्यावरून पाण्यात ढकलायचो, आणि तीनच्या आत बाहेर. मोसमातले दहा-बारा गुरुवार, सहा वर्षं. मार्चमध्ये तळ रंगवायला मी हाताखाली असायचो. मी म्हणायचो, दाजी, एकच रंग ठेवा, पुढेमागे ताई आली तर पकडले जाऊ. ते म्हणायचे, होडीला फसवायचं नसतं.

मला मळमळतं का म्हणतेस? ताई, त्या सहा वर्षांत मी समुद्राला जेवढं परत केलं तेवढं माशांनीही खाल्लं नसेल. लिंबू चोखत बसायचो डोळे मिटून. दाजी म्हणायचे, "तुझ्याइतका निरुपयोगी खलाशी जगात नाही, पण वजन म्हणून बरा आहेस." पोहता येत नाही, शिडाच्या दोऱ्या कळत नाहीत, सुकाणू धरलं की होडी गोल फिरते. तरी जायचो.

त्यांनी शब्द मोडला हे खरं. पण तुला सांगतो, गुरुवारी संध्याकाळी तू त्यांना कसं बघितलंस ते आठव. तू म्हणायचीस, यार्डातून आले की हे दहा वर्षांनी लहान दिसतात. ते होडी पुसून आल्यामुळे नव्हतं गं.

जे झालं ते आनंदाचं होतं एवढं मनात धर, आणि बाकीचं सोडून दे. रंग कुठलाही लाव. मला क्षमा कर.

तुझा
सोन्या


२५ मार्च

सोन्या,

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायची. सहा वर्षं भिजला. माझ्याच ताटाला ताट लावून रविवारी जेवायचास, आणि मी ह्यांना वाढताना म्हणायचे, पोहायलाही जात नाहीत हो बिचारे. तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतात का? मला आठवत नाही, आणि तेच सोसवत नाही. मी कधी बघितलंच नाही.

मी रागावलेली आहे की काय आहे, मला कळत नाही. काल संध्याकाळी एका पायात चप्पल घालून पलंगावर बसले होते. कुठे निघाले होते आणि दुसरी चप्पल का घातली नाही, मला सांगता येणार नाही. शेजारीण आली, म्हणाली बरं नाही का. मी म्हटलं, नाही, हिशेब जुळत नाहीत.

आणि ते खरंच होतं. ह्यांचा शेवटचा दिवस गुरुवार होता.

म्हणून आज कपाट उघडलं. दवाखान्यातून दिलेली पिशवी मी कधी सोडली नव्हती. ह्यांची विजार, सदरा, मोजे. विजार गुडघ्यापर्यंत खळ घातल्यासारखी कडक झालेली आहे. मी बोटाने घासून जिभेला लावून पाहिलं. मीठ. मोज्यांवर तर पांढरी कडा आहे, चांगली बोटभर. घाम म्हणावा तर सदरा मऊ आहे. आणि व्हार्निशचा एक डाग नाही, सोन्या. हा माणूस खिडकीला हात मारायचा तरी कोपरापर्यंत माखायचा.

दवाखान्याच्या कागदावर आणल्याची वेळ तीन चाळीस आहे. तू मला सांगितलंस, सव्वातीनला स्टुलावरून पडले. तू आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीस. तेव्हा मला वेळा नीट सांग.

ते कुठे गेले, आणि किती वाजता?

ताई


३१ मार्च

ताई,

एक वाजायला पाच मिनिटं कमी होती.

आम्ही डोंगराच्या टोकापलीकडे होतो. तिथून आपलं गाव दिसत नाही आणि गावाला आपण दिसत नाही. दाजी सुकाणूवर होते, मी माझ्या जागी लिंबू घेऊन. ते बोलता बोलता थांबले. मी डोळे उघडले तर ते डाव्या हाताने छाती नव्हे, जबडा धरून बसले होते. मला म्हणाले, "सोन्या, इकडे ये आणि हे धर." गोळी जिभेखाली ठेवली. फोन काढला तर टोकापलीकडे रेंज नाही. आणि परतीचा वारा समोरून.

समोरचा वारा असला की होडी सरळ येत नाही ताई, नागमोडी न्यावी लागते, आणि मला तर सरळसुद्धा नेता येत नव्हती. ते तळाशी पाणी साठतं तिथे पाय सोडून आडवे झाले, माझं जॅकेट डोक्याखाली दिलं, आणि तिथून मला शिकवायला लागले. शीड थोडं सोड. आता ओढ. दांडी सांभाळ, डोकं खाली घे. मी चुकलो की म्हणायचे, "शहाण्या, दोरी." हळू बोलत होते, पण चिडत होते, म्हणजे मला धीर यायचा. एक वाजून वीस मिनिटांनी होडी पहिल्यांदा नीट वळली. त्यांनी डोळे उघडून शिडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हं. जमलं." त्यानंतर मी दोनदा विचारलं, दाजी, आता ओढू का? ते बोलले नाहीत. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हातातलं सुटलं असतं.

होडी यार्डाच्या उतरणीला लागली तेव्हा सव्वातीन. ती वेळ मी तुला दिली. पंचवीस मिनिटांत गाडी आली आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, एवढा उशीर का. मी म्हटलं, दूर होतो.

स्टूल मी बनवलं. ब्रश मी बनवला. तू दवाखान्याच्या दारातून येताना दिसलीस आणि तुझ्या हातात वाचनालयाचं पुस्तक तसंच होतं, बोट पानात घातलेलं, आणि मला वाटलं, हिला निदान जमीन देऊ. ब्रश पडल्याचा आवाज, हे तर मी बोलता बोलता घातलं. नंतर तू तो आवाज प्रत्येकाला सांगायला लागलीस. म्हणून मी गाव सोडलं. गुडघा हे निमित्त.

दोन तास वीस मिनिटं, ताई. ज्याला होडी चालवता येते त्याने पाऊण तासात आणली असती. हे मी रोज मोजतो.

त्या दिवशी मला मळमळलं नाही.

सोन्या


१२ एप्रिल

सोन्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बारा दिवस लागले. मधे तुझ्या लेकीचा फोन आला होता, बाबा जेवत नाहीत म्हणून. तिला म्हटलं, पत्र पाठवते आहे, जेवायला सांग.

तुझ्यावर चिडून लिहिलेली दोन पत्रं फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की तू केसाने माझा गळा कापलास. दुसऱ्यात लिहिलं की तू त्यांना मारलंस. ते लिहून झालं आणि मी त्या वाक्याकडे बघत बसले, कारण हात माझा होता पण वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त मलाच माहीत आहे. आता तुलाही सांगते. अजून कुणाला सांगितलेलं नाही, शाळेत सिस्टर आम्हाला पापांच्या कबुलीसाठी रांगेने बसवायच्या, तसं कुणी बसवलं असतं तरी सांगितलं नसतं.

डॉक्टरांनी समुद्र बंद केलाच नव्हता.

पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर मला दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटले. मी विचारलं, होडीचं काय? ते म्हणाले, जाऊ द्या की, मन प्रसन्न राहील. एकटं जाऊ नये आणि किनारा सोडू नये, बस. मी मान हलवली. मग मी खोलीत गेले, ह्यांच्या उशाशी बसले, आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, परत होडीत पाय ठेवायचा नाही." ह्यांनी खूप वेळ छताकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं." मी शब्द मागितला, त्यांनी दिला.

का, विचारशील. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी रविवारी खिडकीत उभी राहून काढली, सोन्या. पांढरं शीड दिसेपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. ते कुणाला सांगितलं नाही, बायका घाबरतात म्हणून हसतात लोक. तो झटका आला आणि मला वाटलं, बरं झालं. हे मी लिहिते आहे. बरं झालं, असं वाटलं. आता खिडकीत उभं राहायला नको.

आता तूच बघ. खरं सांगितलं असतं तर ते खाडीत फिरले असते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, फोन चालतो तिथे, हात हलवला तर धक्क्यावरून माणूस धावतं तिथे. लपायचं होतं म्हणून टोकापलीकडे गेले. तू त्यांना परत आणायला दोन तास वीस मिनिटं लावलीस. पण तिकडे त्यांना मी धाडलं.

शब्दाचा पक्का माणूस म्हणून मी गावभर सांगत होते. शब्दच खोटा होता.

रंगाऱ्याने तळ पूर्ण खरवडून काढला आहे. वांगी रंगही गेला. खाली नुसतं भुरकट फायबर आहे, ठिगळासारखं. शाळेची शिक्षिका दोनदा येऊन गेली, मुलं आली आहेत म्हणाली. रंगारी रोज विचारतो, मावशी, कुठला? मी कार्ड बघते आणि परत करते. मला उत्तर पाठवू नकोस. मला लाज वाटते.

ताई


१६ एप्रिल

ताई,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतो. हे ह्यापुढे दाबून ठेवणं माझ्याच्याने होणार नाही.

दाजींना माहीत होतं.

झटक्यानंतर तिसऱ्या महिन्यात ते तपासणीला एकटे गेले होते, आठवतं? तू वाचनालयात होतीस. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, निदान धक्क्यालगत तरी जाऊ का हो? डॉक्टर म्हणाले, तुमच्या पत्नींना सांगितलं होतं की मी, जा म्हणून. फक्त एकटे नको. दाजी तिथून सरळ माझ्या दुकानात आले. काउंटरवर कोपरं टेकून उभे राहिले, आणि मी एका मनगटी घड्याळाचं मागचं झाकण लावत होतो ते माझ्या हातून निसटलं, कारण ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, "सोन्या, तुझी बहीण खोटं बोलली रे. तिला जमतं, मला माहीतच नव्हतं."

मी म्हटलं, ताईला जाब विचारतो. त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, "खबरदार. एवढी घाबरली असेल तेव्हाच बोलली असेल ना? आणि मला इतक्या वर्षांत कळलं नाही. आता तिला झोप लागते, ती लागू दे." मग त्या वर्षी गेले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये आले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणतात एकटं जायचं नाही. चल." म्हणून मी, ताई. मला समुद्राची आवड लागली असं तुला वाटलं का?

टोकापलीकडे का, तेही सांगतो. वाचनालयाच्या खिडकीतून अख्खी खाडी दिसते, आणि तू वाचता वाचता मान वर करून बाहेर बघायचीस, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा तू म्हणतेस ते पूर्ण खोटं नाही. तुझी समजूत घालायला मी आता काही बनवणार नाही, माझं बनवून झालं. तू भ्यालीस, त्यांनी लपवलं, आणि मला दोरी कळत नव्हती. तिघांनी मिळून केलं. ह्यातला कुणीही एक नीट वागला असता तर. पण कुणी वागलं नाही.

शनिवारच्या गाडीने येतो म्हणतो. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

सोन्या


१८ एप्रिल

प्रिय सोन्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पायरीवरच वाचलं. पोस्टमनने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, माझे यजमान मला सहा वर्षं ओळखून होते. तो म्हणाला, बरं, आणि सायकल घेऊन गेला.

'तिला झोप लागते, ती लागू दे.' हे वाक्य मी कुठे ठेवू, कळत नाही. पलंगावर त्यांच्या बाजूला बसून बघितलं, तिथे मावत नाही. मी गुरुवारी रात्री विचारायचे, दमलात का? ते म्हणायचे, नाही, तू झोप. एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, साधं बोलणं आहे.

तसं बसवेना म्हणून यार्डात गेले. शिक्षिका आणि रंगारी दोघंही होते, माझ्याबद्दलच बोलत असावेत, कारण गप्प झाले. मी कार्ड मागून घेतलं. शिक्षिकेला विचारलं, मुलं होडीत काय चुका करतात? ती हसली. म्हणाली, "सगळ्यात आधी उलटी करतात, काकू. पहिल्या आठवड्यात रोज." मी विचारलं, उलटी झाली की काय दिसतं? ती म्हणाली, तळ. तळच दिसतो, शीड पाण्याखाली जातं.

मग मी नारिंगी निवडला. कार्डावरचा सगळ्यात भडक. रंगारी म्हणाला, "मावशी, लाल-निळा बरा, हा डोळ्यात घुसतो." मी म्हटलं, घुसू दे. खाडीत असो नाहीतर टोकापलीकडे, पालथी पडली तर कुणालातरी लांबून दिसली पाहिजे. पहिला हात मी मारला. फार वाईट मारला, रंगाऱ्याने मागून येऊन सगळा सारखा केला.

शिक्षिकेला मी ते कुठे आणि कसे गेले ते सांगितलं. स्टूल नाही, ब्रश नाही. मोठ्याने प्रथमच सांगितलं. माझा खोटेपणाही सांगितला. ती वयाने माझ्या नातीएवढी, तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि झाकण लावलं.

शनिवारी ये. गुडघ्याचा पट्टा आण, आणि मी स्टेशनवर येणार नाही, एवढं चालवत नाही. घडाघडा बोलायचं असं काही ठरवून येऊ नकोस. राग अजून आहे. तुझ्यावर आहे, त्यांच्यावर आहे, माझ्यावर तर आहेच. तो पत्रात मावत नाही, म्हणून ये.

तुझी
ताई